टाळ्या नेमक्या कोणाला?

२६ जानेवारी २०१४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा झाला आणि वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीच्या ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’चे नाव पुकारले गेले. तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो हे दोघे यंत्रमानवाचे मुखवटे चढवून व्यासपीठावर आले आणि नेहमीप्रमाणे एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या वतीने आभार मानले ते ७३ वर्षांचे गीतकार पॉल विल्यम्स यांनी. त्या रात्री हा अल्बम आणि त्यातले ‘गेट लकी’ हे गाणे यांना मिळून पाच ग्रॅमी मिळाले. वीस वर्षे यंत्रांवर नृत्यसंगीत घडवणाऱ्या दोघांचा एवढा सन्मान झाला, म्हणजे त्या संगीतालाच अखेर प्रतिष्ठा मिळाली, असा अर्थ तेव्हा लावला गेला आणि अजूनही लावला जातो. हा अर्थ मला पटत नाही. परीक्षणांत आणि पुरस्कारांत ज्या गुणांचे कौतुक झाले ते गुण पाहा: हाताने वाजवलेली वाद्ये, नामवंत वादक, जुने मातब्बर स्टुडिओ, कित्येक वर्षांची मेहनत. रॉकच्या समीक्षेने ज्या मापाने नृत्यसंगीताला वर्षानुवर्षे खुजे ठरवले, नेमक्या त्याच मापात हा अल्बम बसला. माप मात्र होते तसेच राहिले. ते माप कुठून आले हे पाहायचे, तर डिस्कोच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

डिस्को हे यंत्राचे संगीत होते, हा समज जितका पसरलेला आहे तितकाच चुकीचा आहे. सत्तरच्या दशकात डिस्को हा स्टुडिओतल्या पगारी वादकांचा धंदा होता. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत तीस-चाळीस वादकांचा ‘एमएफएसबी’ हा ताफा तंतुवाद्ये, ब्रास आणि ऱ्हिदम विभागासह एकामागून एक गाणी वाजवत असे. प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा सरळ ठोका आणि मधल्या जागेत हाय-हॅटची सळसळ हा पुढे डिस्कोचा शिक्का बनलेला ठेका तिथल्या अर्ल यंग या ड्रमरच्या हातापायांतून आला. न्यूयॉर्कमध्ये नाइल रॉजर्सची गिटार, बर्नार्ड एडवर्ड्सची बास गिटार आणि टोनी थॉम्पसनचे ड्रम यांवर ‘शिक’ हा संच उभा होता आणि तिघेही कसलेले वादक होते. यंत्राचा खरा प्रवेश झाला तो म्युनिकमध्ये. इटलीच्या दक्षिण टायरोलमधून आलेल्या जॉर्जिओ मोरोडर यांनी १९७७ मध्ये डॉना समर यांच्यासाठी ‘आय फील लव्ह’ घडवले आणि सगळी साथसंगत मूग सिंथेसायझरवर उभी केली. पण बास ड्रमला हवे तसे वजन त्या यंत्रातून मिळेना, म्हणून कीथ फोर्सी या ड्रमरने तो ठोका पायाने वाजवला. भविष्याचे संगीत म्हणून ज्या गाण्याचा दाखला दिला जातो, त्याच्या मुळाशीही असा एक पाय आहे. हात आणि यंत्र ही दोन टोके नृत्यसंगीताच्या कारागिरांनी कधीच वेगळी मानली नव्हती. ती बाहेरच्यांनी पाडलेली फूट होती.

ही फूट सर्वांत उघडपणे दिसली ती १२ जुलै १९७९ रोजी, शिकागोच्या कोमिस्की पार्कवर. स्टीव्ह डाल हा रेडिओ निवेदक डिस्कोविरुद्ध मोहीम चालवत होता. व्हाइट सॉक्स आणि डेट्रॉइट टायगर्स यांच्या बेसबॉल सामन्यांना डिस्कोची रेकॉर्ड घेऊन येणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश मिळेल, असे जाहीर झाले. सुमारे ५० हजार लोक जमले, दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत रेकॉर्डचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला, जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्या दिवशी तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा पुढे शिकागोच्या हाउस संगीताच्या पहिल्या निर्मात्यांपैकी एक झाला. ढिगात पडणाऱ्या कित्येक रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच, त्या नुसत्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे. डिस्को खोटे आहे, यांत्रिक आहे, ते वाजवायला कसब लागत नाही, असे आक्षेप तोंडावर होते. त्यांच्या आड कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी श्रोत्यांबद्दलचा राग होता. प्रतिष्ठित संस्थांनीही वारा पाहून पाठ फिरवली. फेब्रुवारी १९७९ मध्ये ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ला सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी मिळाला होता. १९८० मध्ये डिस्कोसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला, ‘आय विल सर्व्हाइव्ह’साठी ग्लोरिया गेनर यांना दिला गेला आणि त्याच वर्षी कायमचा बंद झाला. नृत्यासाठीच्या ध्वनिमुद्रणाला पुन्हा ग्रॅमीत जागा मिळायला १९९८ उजाडले.

मोठ्या कंपन्यांनी डिस्कोचा हात सोडला, पण नाच थांबला नाही. तो स्वस्त झाला. तंतुवाद्यांच्या ताफ्याला द्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा शिकागोच्या तरुणांनी रोलँड कंपनीची जुनी झालेली, बाजारात न चाललेली ड्रम मशीन घेतली आणि घरात संगीत घडवू लागले. न्यूयॉर्कहून आलेला डीजे फ्रँकी नकल्स १९७७ पासून ‘वेअरहाउस’ या क्लबमध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड लांबवत, जोडत, त्यांखाली यंत्राचा ठोका भरत वाजवत होता. ‘हाउस’ हे नाव त्याच क्लबवरून पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. यंत्र केव्हा आणि का आले, हा तपशील माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचा आहे. या संगीतात यंत्र आले ते माणसाला हाकलून लावायला आले नाही. माणसांच्या ताफ्याला पैसे देणारे निघून गेले, तेव्हा तो ठेका जिवंत ठेवायला यंत्र आले. हाउसला ‘माणूस नसलेले संगीत’ म्हणणारी समीक्षा हा क्रम उलटा वाचते.

‘डाफ्ट पंक’ या पॅरिसच्या जोडीची घडण डिस्को आणि हाउस याच दोन प्रवाहांच्या संगमावर झाली. बांगाल्तेरचे वडील डॅनिएल व्हांगार्द हे स्वतः डिस्कोचे निर्माते होते आणि ओटावानचे ‘डी.आय.एस.सी.ओ.’ हे जगभर गाजलेले गाणे त्यांच्याच हातचे. लिसे कार्नो या शाळेत दोघांची मैत्री झाली, मग ‘डार्लिन’ नावाचा गिटारचा संच निघाला आणि ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाने त्याची ज्या शब्दांत टर उडवली, त्या शब्दांतूनच त्यांनी नवे नाव घेतले. १९९७ च्या ‘होमवर्क’मध्ये ‘टीचर्स’ नावाचे गाणे आहे. त्यात पॉल जॉन्सन, लिल लुईस, रोमँथनी, टॉड एडवर्ड्स अशा गुरुजनांची नावे नुसती एकामागून एक उच्चारली जातात. २००१ च्या ‘डिस्कव्हरी’त रोमँथनी आणि टॉड एडवर्ड्स हे न्यू जर्सीचे दोघे प्रत्यक्ष गायले आणि त्याच अल्बममध्ये आणखी कितीतरी कलावंत सॅम्पलच्या रूपाने हजर होते. ‘वन मोअर टाइम’मध्ये एडी जॉन्स, ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’मध्ये एडविन बर्डसाँग, ‘डिजिटल लव्ह’मध्ये जॉर्ज ड्यूक, ‘सुपरहीरोज’मध्ये बॅरी मॅनिलो. या चारही मूळ ध्वनिमुद्रिका १९७९ सालच्या आहेत. ज्या वर्षी शिकागोत रेकॉर्डचा ढीग उडवला गेला, त्याच वर्षीच्या रेकॉर्ड वीस-बावीस वर्षांनी पॅरिसमध्ये उचलल्या जाऊन नव्याने नाचू लागल्या. योगायोग असला तरी अर्थ स्पष्ट आहे: ‘डिस्कव्हरी’ हासुद्धा माणसांच्या सहवासात घडलेला अल्बम होता. त्या वेळच्या परीक्षणांत मात्र सूर संमिश्र होता. अमेरिकेतल्या ‘पिचफोर्क’ने त्याला दहापैकी ६.४ गुण दिले. व्होकोडर आणि ऑटो-ट्यूनमधून गाळलेला आवाज अनेकांना माणसाचा वाटलाच नाही.

आता ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’कडे यावे. २००८ ते २०१२ या काळात लॉस एंजेलिसचे हेन्सन आणि कॉनवे, न्यूयॉर्कचा इलेक्ट्रिक लेडी, पॅरिसचा गँग अशा स्टुडिओंत तो आकाराला आला. ओमर हकीम आणि जॉन ‘जेआर’ रॉबिन्सन ड्रमवर, नेथन ईस्ट बासवर, पॉल जॅक्सन ज्युनियर गिटारवर असे चार दशकांच्या पॉप संगीताचे पडद्याआडचे कारागीर त्यासाठी एकत्र आले. तीन गाण्यांत नाइल रॉजर्स यांची गिटार आहे. मोरोडर यांनी आपली जीवनकथा बोलून दाखवली आणि ती वेगवेगळ्या काळातल्या मायक्रोफोनवर मुद्रित करण्यात आली. पॉल विल्यम्स, फॅरल विल्यम्स, ज्युलियन कासाब्लांकास, पांडा बेअर, टॉड एडवर्ड्स, चिली गोन्झालेस आणि डीजे फाल्कन यांचा प्रत्येकी काही ना काही वाटा आहे. सॅम्पल उरले ते फक्त शेवटच्या ‘कॉन्टॅक्ट’ या रचनेत. १३ रचनांचा, सुमारे ७४ मिनिटांचा हा अल्बम मे २०१३ मध्ये आला आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या ३ लाख ३९ हजार प्रती खपल्या. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर त्याला १०० पैकी ८७ गुण पडले, ‘एनएमई’ने दहापैकी दहा दिले, ‘पिचफोर्क’ने ८.८. त्या वर्षांत अमेरिकेत लॅपटॉपवर घडणाऱ्या नृत्यसंगीताची लाट शिगेला पोचली होती आणि समीक्षक तिला कंटाळले होते. त्यामुळे बहुतेक परीक्षणांनी हा अल्बम त्या लाटेला दिलेले उत्तर म्हणून ऐकला. उबदार, सेंद्रिय, जिवंत, माणसाचा ही त्या कौतुकातली नेहमीची विशेषणे. ती सगळी वाद्यांना आणि वादकांना उद्देशून होती.

पहिला आक्षेप सरळ आहे. अल्बम चांगला होता म्हणून चांगले म्हटले गेले, त्यात मापाचा प्रश्न येतोच कुठे? ध्वनिमुद्रणाच्या दर्जाबद्दल दुमत नाही. सर्वोत्कृष्ट ध्वनियोजनेचा ग्रॅमी त्याने कमावलाच होता. ‘गेट लकी’तली रॉजर्स यांची गिटार ऐकताना मनगटाची प्रत्येक लकब कळते. पण चांगले कशाच्या तुलनेत, हा प्रश्न उरतो. तेव्हाच ‘न्यूयॉर्कर’मध्ये साशा फ्रेअर-जोन्स यांनी या निर्दोषपणावरच बोट ठेवले होते. चांगल्या संगीताला इतके चांगले असण्याची गरज असते का, अशा आशयाचा त्यांचा प्रश्न होता. आणि २०२१ मध्ये ‘पिचफोर्क’नेच आपल्या काही जुन्या गुणांचा फेरविचार जाहीर केला तेव्हा ‘डिस्कव्हरी’ ६.४ वरून थेट १० वर गेला आणि ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ ८.८ वरून ६.८ वर आला. एका नियतकालिकाच्या मनपरिवर्तनावर संपूर्ण इतिहास तोलू नये, हे मान्य. तरी या दोन हालचालींची दिशा बोलकी आहे. दोन्ही अल्बमांतला एकही सूर दरम्यान बदलला नव्हता. बदलली होती ती ‘खरे काम’ कशाला म्हणायचे याबद्दलची समजूत. यंत्रातून गाळलेला आवाज आणि कापून जोडलेली सॅम्पल ही दोन दशकांत साऱ्या पॉप संगीताची सवय झाली, तेव्हा कुठे ‘डिस्कव्हरी’तली कारागिरी कारागिरी म्हणून ओळखू आली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खुद्द या जोडीनेच त्या वर्षीच्या मुलाखतींत सांगितले होते की इलेक्ट्रॉनिक संगीत साचले आहे आणि आपल्याला जिवंत वादनाकडे परतायचे आहे. मग समीक्षकांनी कलावंताचाच हेतू उचलून धरला, त्यात त्यांचा दोष काय? हेतू आणि कृती नेहमी एकमेकांशी जुळतात असे नाही, हे यावरचे उत्तर, आणि त्याचा पुरावा अल्बमच्या आतच आहे. ‘द गेम ऑफ लव्ह’ आणि ‘विदिन’ या सर्वांत हळव्या गाण्यांत गातो तो यंत्रमानवाचा आवाज. ‘डूइन इट राइट’चा कणा ड्रम मशीनचा आहे. मोरोडर यांच्या आत्मकथनाचा गाभाच मुळी सिंथेसायझर हाती आल्याच्या आणि क्लिकच्या ठोक्याशी सगळे वाजवणे जुळवून घेतल्याच्या आनंदाचा आहे. त्या रचनेत पुढे तंतुवाद्ये येतात, ओमर हकीम यांचे ड्रम उसळतात, सिंथेसायझर कर्कश होत जातो आणि कोणाचे पारडे जड हे सांगता येऊ नये अशा वेगाने सगळे एकमेकांत मिसळते. ‘यंत्राकडून माणसाकडे’ या सोप्या कथेत ही रचना बसतच नाही. जोडीने मुलाखतीत जे सांगितले त्यापेक्षा त्यांच्या कानांना जास्त कळत होते. परीक्षणांनी मुलाखतींवर विसंबून अल्बम ऐकला आणि तिथेच त्यांचे चुकले.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला पुष्कळ अंशी मान्य आहे. सॅम्पल हा सहवास एकतर्फी असतो. ज्याचा आवाज उचलला, त्याला कोणी विचारतेच असे नाही. ‘वन मोअर टाइम’च्या बाबतीत रॉयल्टी हक्कधारक कंपनीकडे जात राहिली, पण एडी जॉन्स यांच्यापर्यंत काही पोचले नव्हते आणि मधल्या काळात त्यांना बेघर होऊन राहावे लागले होते, हे २०२१ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने समोर आणले. याउलट २०१३ च्या अल्बममध्ये प्रत्येक वादकाचे नाव छापलेले आहे. ‘गेट लकी’मुळे रॉजर्स यांची ख्याती नव्या पिढीपर्यंत गेली आणि पॉल विल्यम्स यांना ग्रॅमीच्या व्यासपीठावर बोलता आले. कलावंताशी प्रामाणिक राहण्याचा हा मार्ग निःसंशय अधिक चांगला आहे. पण श्रेय कोणाला मिळाले आणि कला किती खोल आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि समीक्षेने दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावरून देऊ नये. अन्याय करारात आणि हक्कांच्या खरेदी-विक्रीत होता. दीड-दोन सेकंदांचे तुकडे नव्या क्रमाने जोडून त्यांतून अनोळखी आनंद उभा करण्याच्या कसबात तो नव्हता. शिवाय वादकांनी भरलेले स्टुडिओही काही फार न्याय्य जागा नव्हत्या. अर्ल यंग यांचा ठेका जगभर चालला, त्यांचे नाव मात्र जाणकारांपुरते उरले.

यंत्र वापरणाऱ्याकडे कसब नसते या समजाला एक चोख उत्तर मुंबईतून मिळते. हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत अनेक वर्षे गिटार वाजवलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडचे टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग मुद्रित केले. शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून ‘ॲसिड हाउस’ जन्मायला अजून काही वर्षे होती. तेव्हा त्या रेकॉर्डची दखल कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले श्रोते चकित झाले. रागाची चौकट, स्टुडिओतला सराव आणि यंत्राचा हट्टी ठेका हे सगळे एकाच माणसाच्या बोटांत होते. हात विरुद्ध यंत्र अशी विभागणी घेऊन या रेकॉर्डपाशी गेले, तर हाती काहीच लागत नाही.

‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ने डिस्कोचे ऋण फेडले, असे म्हणतात. अर्धे फेडले, असे मी म्हणेन. शिकचा गिटारवादक, म्युनिकचा निर्माता, लॉस एंजेलिसचे वादक म्हणजे १९७९ पूर्वीच्या स्टुडिओची बाजू सन्मानाने पुढे आली. १९७९ नंतर रस्त्यावर आलेला तो ठेका ज्यांनी स्वस्त यंत्रांवर तगवला, त्या शिकागो आणि डेट्रॉइटच्या कारागिरांची बाजू या अल्बमात जवळपास नाही. टॉड एडवर्ड्स न्यू जर्सीचे, आणि ते इथे येतात तेही मुख्यतः गायक म्हणून. ‘वन मोअर टाइम’ गाणारे रोमँथनी अल्बम येण्याच्या दहा दिवस आधी, ७ मे २०१३ रोजी वारले. ग्रॅमीच्या सोहळ्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, ३१ मार्च २०१४ रोजी फ्रँकी नकल्स गेले. या दोघांच्या हयातीत त्यांच्या कामाला सर्वोत्कृष्ट अल्बमच्या तोडीचे कोणी मानले नाही. हा दोष जोडीचा म्हणता येत नाही, कारण ‘टीचर्स’मध्ये त्यांनी गुरूंची नावे घेऊन ठेवली होती. ज्या समीक्षेला त्या गुरूंची नावे घेणारा अल्बम विद्यार्थ्यांची धमाल वाटला आणि वादकांनी भरलेला अल्बम प्रौढपणाची खूण वाटला, तिचा हा दोष आहे. १९७९ मध्ये मैदानावर जी फूट पाडली गेली, तीच इथे सभ्य भाषेत आणि सद्हेतूने चालू राहिली.

म्हणून या अल्बमच्या स्वागताचा इतिहास लिहिताना त्याला विजयाची कथा म्हणू नये. त्यात जिंकले ते डिस्कोतले वादक, आणि त्यांचा तो विजय पूर्णपणे रास्त होता. त्यांच्यावर १९७९ मध्ये झालेला अन्याय उशिरा का होईना दूर झाला. पण नृत्यसंगीताच्या समीक्षेला स्वतःचे माप अजून घडवायचे आहे. ते माप वाजवणारा हात शोधत बसणार नाही. ठोका किती अचूक जागी ठेवला आहे, पुनरावृत्तीतून ताण कसा चढवला आहे, उचललेल्या तुकड्याला नवे काय बोलायला लावले आहे आणि त्याचे देणे दिले आहे का, हे ते विचारेल. त्या मापाने पाहिले तर ‘डिस्कव्हरी’ आणि ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ यांपैकी एकाला चढवण्यासाठी दुसऱ्याला उतरवण्याची गरज राहत नाही, कारण दोन्ही अल्बम एकाच कामाचे दोन भाग आहेत. एकात हाकलून दिलेल्या माणसांचे आवाज यंत्राने जपून आणले आणि दुसऱ्यात ती माणसे स्वतः येऊन वाजवून गेली. पहिला भाग झाला नसता, तर दुसऱ्यासाठी त्यांना बोलवावेसे कोणाला वाटले नसते.